अठ्ठ्याहत्तर

सोमवार, साखरेचा दिवस.
बाळ्ळीच्या आरोग्य केंद्रात मी सकाळी
वजनकाट्यावरची धूळ पुसते,
काटा शून्यावर आणते.
तो नेहमीच थोडा एकीकडे कललेला असतो.

गोकुळी वेळीप मोरपिर्ल्याहून येते,
पहिल्या बसने, उपाशीपोटी,
खांद्यावर देठली, हातात माझ्यासाठी तिरफळांची पुडी.
चपला काढते,
देवळाच्या पायरीवर चढावं तशी काट्यावर चढते.
अठ्ठ्याहत्तर.
मी लिहिते.

रक्तदाबाचा पट्टा तिच्या दंडाला पुरत नाही.
मोठ्या पट्ट्याचा अर्ज करून तीन वर्षं झाली.
मी तोच पट्टा हाताने दाबून धरते
आणि येईल तो आकडा खरा मानते.

भिंतीवर तक्ता.
तक्त्यात एक गोरा पुरुष, कुठल्या देशातला कोण जाणे,
त्याच्या हाडांवरून आमची हाडं मोजायची.
तो पिवळ्या पट्ट्यात पोचेपर्यंत
आमच्या माणसांची साखर कधीच लाल झालेली असते.

'कमी खा. चाल.'
डॉक्टर नवे आहेत, मान वर करत नाहीत.
काजूच्या कारखान्यात नऊ तास बसून
मग चढण चढत घरी जाणारी ही बाई
मान डोलावते.
आहाराचा कागद मी वाचून दाखवते :
ओट्स, ऑलिव्हचं तेल, ब्रोकोली.
'हें कसलें झाड?' ती विचारते.
नाचणी या कागदावर नाही.
नाचणी सासऱ्याच्या वेळी डोंगरावर होती, कुमेरीत,
मग खात्याने खांब रोवले, तार ओढली.
आता रेशनचा पांढरा तांदूळ
आणि दुपारी चहाबरोबर पाव, कारण पाव पोटात बसून राहतो.

रजिस्टरात शेवटचा रकाना, शेरा.
मागच्या तीन भेटींपुढे एकच वाक्य :
'सांगून ऐकत नाही.'
अक्षर माझंच. सुबक.

'बाय,' ती म्हणाली, 'तूं चड, पळोवंया.'

रांगेत हसू फुटलं. मीही हसले, आणि चढले.
काटा थरथरला, थांबला.
अठ्ठ्याहत्तर. किंचित पुढेच.

मडगावला माझा दवाखाना आहे. गार खोली,
हात नसलेली रुंद खुर्ची.
तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
'यात तुमचा दोष नाही, हा आजार आहे.'
झोप विचारली, गुडघे विचारले, आईचं विचारलं.
आठवड्याला एक इंजेक्शन लिहिलं,
एका सुईत गोकुळीचा पंधरवडा.
आडनाव वाचून त्यांनी माझ्या कुलदेवतेची चौकशीही केली.

इथे आडनाव वाचून काय ठरतं
ते बावीस वर्षं बघतेय.
'डोंगरावरची माणसं.' झालं.
रांगेत मागे देवली लमाणी उभी होती, मण्यांची पेटी घेऊन,
तिला तर आधी 'कुठली तू?' विचारतात
आणि 'काय होतंय?' नंतर, वेळ उरला तर.

'कितलें?' गोकुळीने विचारलं.
'तुझ्याएवढंच.'
ती विचारात पडली. पायाने चपला शोधत म्हणाली,
'मग वखद पूण तुजेंच दी.'

मी उत्तर दिलं नाही.
पुढच्या बाईला काट्यावर बोलावलं.
संध्याकाळी मोठ्या पट्ट्याचा अर्ज पुन्हा लिहिला,
या वेळी खाली नावं घातली, दंडांच्या मापांसकट,
माप शिंप्याच्या टेपने घेतलेलं.
शेऱ्याचा रकाना तेवढा कोरा राहिला.

रात्री फ्रीज उघडला.
दारात, लोणच्याच्या बरणीमागे, माझी सुई.
ओट्यावर पुडी सुटलेली,
आणि सगळ्या घराला तिरफळांचा वास.