नाका

ओढ्याच्या अलीकडं हाली, पलीकडं कलदार.
मधे करोडगिरीचा नाका, एक बाभूळ
आणि जहीरोद्दीन मुन्शीची लोखंडी पेटी.

त्या उन्हाळ्यात पलीकडच्या गाड्या थांबल्या.
आधी रॉकेल गेलं.
मग काड्यापेटी. एका घरची चूल पेटली
की गवरीवर इंगळ घेऊन पोरी पळायच्या दारोदार.
कंपाउंडर तीच शिशी
तिसऱ्यांदा पाणी घालून पातळ करायचा.
मग मीठ.

गुरलिंगप्पानं तागडी गुंडाळून ठेवली,
सोनाराचा काटा आणला उसना.
तोळ्या-माशानं मीठ तोलताना
अप्पा श्वास धरायचा, पारड्याला वारा लागू नये म्हणून.
मी पुड्या बांधायचो. वय अकरा.
बोट चाटलं की कानाखाली.

पलीकडचं दिसायचं सगळं.
सुंद्राअक्का तिकडंच दिलेली,
धुणं आपटता आपटता ओरडायची,
"कालवणात काय घालता रे?"
आम्ही ओरडायचो, "चिंच!"
मग ती बराच वेळ एकच लुगडं आपटायची.

एका सांजेला मुन्शी स्वतः आला.
दोन महिने त्याच्या वहीत ओळ नव्हती,
टाक वाळून गेला होता.
पायरीवर बसला, दस्ती उलगडली.
"लोक म्हणतात, अप्पा, मी सरकारचं मीठ खातो.
चिमूटभर द्या."

अप्पा हसला नाही.
काटा सारला बाजूला
आणि मूठ भरली, न तोलता.

मला म्हणाला, मांड खात्यावर.
मी नाव लिहिलं, तारीख लिहिली.
किती, ते विचारलं नाही.
ती जागा अजून कोरी आहे.