एकाहत्तर टक्क्यांवर

हर्णैला, बर्फ फॅक्टरीच्या ऑफिसात
जुलैअखेरीस कुणाला घाई नसते,
म्हणून मला आत्ता बोलावलंय.
होड्या झापांखाली. कॉम्प्रेसर बंद,
तरी अमोनियाचा वास भिंतीत मुरलेला,
आणि टेबलावर टॉवेल पांघरून कॉम्प्युटर.

चोगले म्हणाले, नवीन विंडोज टाक.
म्हटलं, आधी बघू, ह्याला झेपेल का ती.
बघायला एक वेगळा प्रोग्रॅम असतो.
मेमरी किती, जागा किती, प्रिंटर कुठला,
सगळी चौकशी करून तो हो म्हणतो
किंवा नाही.

तो काहीच म्हणेना.

एकाहत्तर टक्क्यांवर गोल फिरत राहिला,
मग खिडकीच मिटली, निरोप न देता.
अँटिव्हायरस बंद केला. प्रिंटरची वायर काढली.
प्रोग्रॅम पुसून परत उतरवला,
तेवढ्यात रेंज गेली, आली, गेली.
पुन्हा चालवला.
एकाहत्तर.

चोगले दारात, न पेटवलेली विडी बोटांत:
"काय गो, पास की नापास?"
"परीक्षकच अडकलाय."
ते हसले. मी नाही.

माझे वडील होड्यांचे सुतार, दाभोळला.
हंगामाआधी फळीफळीवर बोटाचं पेर वाजवत जायचे,
कुजकी फळी बद्द बोलते म्हणायचे.
एका साली सर्दीने कान बसले
आणि त्यांनी अख्खी धडधाकट होडी नापास केली.
मालकाने दुसरा सुतार आणला.
घरी कित्येक दिवस कुणी विषय काढला नाही.

तेव्हा मशीनचं राहू दे.
तपासणाऱ्याची स्वतःची नोंदवही उघडली,
हजारेक ओळी, आणि अगदी शेवटच्या ओळीत
एका फोल्डरचं नाव:
डोक्यावर टिंबं असलेली परकी अक्षरं,
उलटे स्वल्पविराम, दोन रिकामे चौकोन.
व्हायरस नव्हे. ही युनिकोडच्या आधीची मराठी,
एकाच फॉन्टचे कपडे चढवले तरच मराठी दिसणारी.
फॉन्ट मशीनमध्ये होता अजून.
नाव चिकटवलं, फॉन्ट निवडला,
आणि चौकोन बोलले:

बर्फ उधारी – मयत

"दत्तारामचं काम," चोगले खुर्ची ओढत म्हणाले.
दत्ताराम म्हणजे जुने क्लार्क.
आत अकरा फायली, अकरा तांडेल,
लाद्यांचा हिशोब पैशापैशापर्यंत,
वसुलीच्या रकान्यात फक्त आडवी रेघ.

"पुसू?"
"थांब थांब." त्यांनी चष्मा कपाळावर घेतला,
नाक पडद्याला लागेपर्यंत वाकले.
"हा इब्राहिम कुठे मेलाय?
बाणकोटात लेकीकडे असतो. गुडघे गेलेत, बाकी ठणठणीत.
काढ त्याला बाहेर."

काढला.
बाकी दहांच्या फोल्डरला
साध्या रोमन अक्षरांत नाव दिलं, पाच अक्षरी, तेच.
गोल फिरला. एकाहत्तर. बहात्तर.
बहात्तरला मी बोटं मोडायची थांबले.

शंभरावर दोन लाल ओळी आल्या.
प्रोसेसर जुना. सुरक्षेची चिप बोर्डवर नाहीच.
म्हणजे नाही.

एवढा वेळ मी त्याला
नीट नाही म्हणायला शिकवत होते.

"मग आता?"
"आहे तेच वापरा, पण बँकेचं काम यावर नको.
नवीन मशीन घेतलंत तर हे सगळं नेऊन देईन."
"मयतसुद्धा?"
"सुद्धा."

नकाराचे किती घ्यायचे, ते दोघांनाही कळेना.
दोनशे रुपये झाले, आणि वाटीभर सोडे,
त्याच तपासणीच्या छापील कागदात बांधलेले,
लाल ओळी काळ्या-पांढऱ्यात.

छत्री उघडताना मागे पाहिलं.
टॉवेल पुन्हा कॉम्प्युटरवर,
आणि चोगले खिडकीपाशी, जिथे एक काडी रेंज येते,
फोन कानाला लावून,
दुसऱ्या हातात कागदावर उतरवलेली रक्कम.
रिंग जात होती.