फु.

बाहेर सेहेचाळीस. फुटाळ्याकडून येणारा वारासुद्धा
भट्टीचं दार उघडल्यासारखा.
आत कूलरचा ओला वाळा, आणि दोन काचांमधल्या
केसभर फटीत पॉलिमरचं द्रावण :
नितळ, काकवीसारखं आळशी.
बोकडेभाऊ म्हणतात, "चालू करू का मॅडम?
सकाळपासून लाइट जाऊन राहिली."

खालची काच स्थिर. वरची फिरू लागते.

मी अंबाडीची भाजी घोटत वाढलेली मुलगी.
गुठळी दिसली की आई म्हणायची, हात चालव.
ढवळलं की मिसळतं,
यावर आमच्या घरात कुणाचा वाद नव्हता.

हे द्रावण ढवळलं की दुधाळतं.
लांबच लांब रेणू, गुंत्यातच निवांत बसलेले,
प्रवाह ओढतो तसे ताणत जातात,
आणि जिथे आधीच जरा दाटी होती
तिथला ताण द्रावकाला पिळून बाहेर काढतो.
दाट अजून दाट. विरळ अजून विरळ.
हात जितका जोरात, तितकी फारकत.

पडद्यावर लेझरचा तांबडा ठिपका,
भोवती गोल, फिकट उजेड.
वेग वाढतो तसा गोल मधोमध चिमटतो
आणि दोन पंख उघडतात.
"आलं," भाऊ म्हणतात. फुलपाखरू म्हणत नाहीत.
वहीत लिहितात : ११.४०, फु.
तेवीस वर्षांच्या वह्या, सगळ्या त्यांच्याच अक्षरात,
आणि कारणाचा रकाना
माझ्यासाठी कोरा सोडलेला.

लाइट जाते.
लेझर यूपीएसवर आहे, मोटर नाही.
म्हणून आम्हांला दिसतं ते :
पंख हळूहळू गोलात विरतात,
दूध पुन्हा काच होतं.
चार सेकंद. मी मोजलेत, अनेकदा.

"विसरलं का सगळं?"
पुढच्या महिन्यात निवृत्त होणारा माणूस विचारतो,
वहीकडे बघत, माझ्याकडे नाही.

नाही, भाऊ. दिसायला विसरतं.
लगेच पुन्हा फिरवलं
तर सुरुवातीचा झटका कमी बसतो काचेला.
सुटलेले गुंते परत पडायला
चार सेकंदांहून फार जास्त वेळ लागतो.
किती, ते अजून नीट मोजलेलं नाही.

ते मान हलवतात.
कूलरमध्ये बादलीभर पाणी ओततात.
लाइट आल्यावर या वेळी
मला न विचारताच बटण दाबतात.