काबरं

चोपडा तालुक्यातले आम्ही एकतीस मुख्याध्यापक
मोबाइलच्या एका चौकटीत रोज भेटतो.
सकाळी गुलाबाची फुलं येतात,
दुपारी परिपत्रक, संध्याकाळी ‘तात्काळ’ लिहिलेला तक्ता,
आणि रोपाभोवती उभ्या सात जणांचा फोटो.
रोप दिसत नाही. सात जण दिसतात.

त्या रात्री, वीज नुकतीच आलेली,
नेहेते सरांनी लिहिलं :
‘सातवीतल्या कैलास बारेलाला मी सगळ्यांसमोर बोललो.
नऊ दिवस झाले, तो आला नाही.
दोनदा त्याच्या पाड्यावरून गेलो,
गाडी थांबवली नाही.
काबरं थांबवली नाही, ते शोधतोय.’

एवढंच. खाली पद नाही, शाळेचा शिक्का नाही.
तीस जणांनी वाचलं. एकाचंही बोट हललं नाही.
मग कुणीतरी : ‘सर, इथं फक्त माहिती टाकावी.’
पाठोपाठ तांदळाच्या शिल्लक साठ्याची विचारणा.

माझी कळण्याची भाकरी तव्यावर करपली.

काबरं.
हा शब्द मी अठरा वर्षं लाल शाईनं खोडत आले.
पोरं विचारत, ‘बाई, अनेर काबरं आटली?’
मी म्हणे, ‘काबरं नाही. का. नीट विचार.’
पोर नीट विचारायची जुळवाजुळव करी
तोवर तास संपे.
नदी तशीच आटलेली.
पुढे पुढे ‘का’सुद्धा ऐकू येईनासा झाला,
आणि वर्ग शांत आहे म्हणून
मला एकदा प्रमाणपत्र मिळालं.

मी लिहायला बसले.
आधी लिहिलं, ‘काही शाळांमध्ये असं आढळून येतं की’.
पुसलं.
‘आमच्या शाळेत अनवधानानं’. पुसलं.
अनवधानानं कसलं, महिन्याच्या महिन्याला,
पट्टी लावून, सुंदर अक्षरात.
कर्ता सापडेपर्यंत पावणेअकरा झाले.
‘मी.
बावन्नातली बारा पोरं घड कापायला बागेत जातात,
मी त्यांना हजर लिहिते.
ट्रक भरला की दोन दिवसांनी वर्गात येतात,
हातावर केळीच्या चिकाचे काळे डाग.
ते डाग साबणानं जात नाहीत, हे मला माहीत आहे.
कारण मी त्यांना हात धुऊन यायला पाठवते.’

पाठवलं. फोन उपडा ठेवला. पुन्हा सुलटा केला.

हसीना तडवी बाईंचा आवाज आला,
मागे पंख्याची घरघर :
‘ताई, पहिलीतली एक पोरगी
माझ्याशी घरच्या बोलीत बोलली आज.
माझ्या अम्मीची बोली ती, मला येते सगळी.
मी पुस्तकातलं उत्तर दिलं.
तिनं परत माझ्याकडे पाहिलंच नाही.’
नंतर बराच वेळ फक्त पंखा.
मी तो पंखा शेवटपर्यंत ऐकला.

सकाळी पाहिलं तर एकतिसांतले पाच जण बोलले होते.
बाकी पुन्हा गुलाब.

नेहेते सर गेले पाड्यावर.
त्यांनी लिहिलं : ‘दाराला कुलूप नव्हतं,
काट्याची फांदी आडवी लावलेली.
शेजारीण म्हणाली, परवाच गेले गुजरातकडे.
मी थोडा वेळ ओट्यावर बसलो.’
त्यावर एकानं अंगठा टाकला,
आणि लगेच काढून घेतला.

सोमवारी मी बारा गैरहजेऱ्या मांडल्या.
चौऱ्याण्णवाचे एकाहत्तर झाले.
केंद्रप्रमुखांचा फोन : ‘बाई, आकडा का घसरला?’
नीट, शुद्ध विचारलं त्यांनी.
म्हटलं, ‘साहेब, या ना एकदा. बागेतून चालत जाऊ.’
ते म्हणाले, मार्च एंड आहे.

तिसरीतली रोशनी टेबलाला टेकून उभी होती,
हजेरीपटात डोकावत :
‘बाई, तुम्ही एवढ्या गैरहजेऱ्या
काबरं लावून ऱ्हायल्या?’

लाल पेन हातातच होता.
टोपण लावलं.
उत्तराची जुळवाजुळव करू लागले,
तर तास संपला.
तिला सांगायचं राहिलंय अजून.