बत्तीस ठिपके

लातुरात, अंबाजोगाई रोडला, सोळा मजली इमारत उठतेय
आणि मी तिच्या पायाशी, पत्र्याच्या केबिनमध्ये
ठिपके राखते.
हो, राखते. शेरडं राखावीत तसे.

बत्तीस हेल्मेटं, बत्तीस चिपा,
स्क्रीनवर बत्तीस हिरवे ठिपके.
कडेपासून दोन हातांवर गेला की ठिपका पिवळा,
कडेला टेकला की लाल,
आणि हेल्मेट आपणच बोंब मारतं.

कोपऱ्यात वाऱ्याचा आकडा.
तो अडतीसच्या वर गेला की मन्मथ स्वामी
क्रेनच्या पिंजऱ्यात काही विचारत नाही,
हुक थांबवतो, डबा उघडतो.
वारं आलं की तो जेवतो,
सकाळचे दहा असोत की दुपारचे चार.

मंगळवारी चौदाव्या मजल्यावर एक ठिपका
बावीस मिनिटं हलला नाही.
हिरवागार. मशीनच्या मते
एवढा शहाणा कामगार अख्ख्या साइटवर नव्हता.
लिफ्ट वाळू घेऊन अडकलेली. जिन्यानं पळाले.
नवव्यावर दम गेला, अकराव्यावर देव आठवले.

हेल्मेट सळईला टांगलेलं.
आत विडीचा कट्टा, काडेपेटी.
आणि खाजामियाँ, उदगीरचा सेंट्रिंगवाला,
उघड्या डोक्यानं छज्जाच्या टोकावर उकिडवा,
फळीत खिळा ठोकत.

"टोपी लई बोंबलती मॅडम.
काम तर कडेलाच हाय,
मधी बसून छज्जा कसा व्हायचा?
अन् तीनदा बोंबलली की बिरादार अर्धा रोज कापायलाय.
बारा दिसांत चार अर्धे गेले.
पडलो तर एकदाच पडीन की."

मला ठाऊक नव्हतं.
माझा लाल रंग रोज संध्याकाळी
ठेकेदाराच्या वहीत जाऊन
माणसांची भाकर खात होता,
आणि स्क्रीनवर हे दाखवायला रंगच नव्हता.

रागवायला गेले होते.
त्याच्या पट्ट्याचा हुक दोरीत अडकवला
आणि बसले तिथंच, खिळे हातात देत.

मग भांडण. बिरादार म्हणाले,
आकडा मिळतोय तर वापरायचा नाही? आकडा खोटा असतो का?
नसतो हो.
पण तो ज्याच्या हाती लागतो त्याचा होतो.
एका चौकटीतली एक खूण काढायची होती फक्त,
निमिषाचं काम.
नऊ दिवस लागले.

पंधराव्याचा स्लॅब भरताना
एक टेकू चार मिलिमीटर कलला.
चार मिलिमीटर म्हणजे किती?
तुरीचा एक दाणा. डोळ्याला काहीच नाही.
टेकूवरच्या डबीला मात्र कळलं, तिनं मला सांगितलं,
मी सगळ्यांना खाली बोलावलं.
शिवलीलानं भरलेलं घमेलं तिथंच ठेवलं.
खाजामियाँ हेल्मेट घालूनच उतरला, विडी कानावर.
साडेपाचला वर मोठा आवाज झाला,
आणि धूळ बराच वेळ खाली येत राहिली.
कुणी मेलं नाही.
म्हणून पेपरात काही आलं नाही.

माझे बाबा भूकंपाचे.
आमच्याकडं असंच म्हणतात,
एखादा निलंग्याचा, एखादा औशाचा असावा तसं.
पाहुण्यांकडं गेले की आधी दार कुठंय ते बघतात,
मग पाण्याचा तांब्या घेतात.
सोळा मजले म्हटल्यावर ते गप्प झाले होते,
आणि नंतर त्यांनी फक्त विचारलं, जिने किती?

संध्याकाळी सहाला ठिपके उतरायला लागतात.
बाराव्यावर चार, सातव्यावर गर्दी,
दोघं तिसऱ्यावर उगाच रेंगाळतात.
गेटपाशी हेल्मेटं पेटीत पडतात, एकेक ठिपका विझतो.
विझलेला ठिपका म्हणजे घरी निघालेला माणूस,
हे नव्या पोराला मला दोनदा समजवावं लागलं.

शेवटी स्क्रीनवर एकच उरतो, तळाला.
मी.
तेवढ्यात फोन वाजतो.
घरी आलीस का, असं बाबा कधीच विचारत नाहीत.
विचारतात,
बाहेर आलीस का?