किलोमागं

आठ दिवस गाडी माझी, डिझेल त्यांचं,
आणि गाडीसोबत माझी जीभ फुकट.
मानेवाड्यातून पहाटे पाचला निघायचं,
उमरेडपर्यंत सगळे झोपलेले.
भिवापूर आलं की मागून आवाज यायचा,
"दादा, वास कसला हो?"
मिरचीचा, म्हणायचो. जानेवारीत इथली हवाच तिखट असते.

नेवारेंच्या घरातून आधी फ्रिज उचलला.
एका बाजूनं मीच धरला होता, खोटं कशाला बोलू.
हप्ते नुकते फिटलेला फ्रिज, वर प्लास्टिकची फुलं,
शेजारच्या गोठ्यात गेला, गाईनं हुंगून पाहिला.
मग पडदे. मग गुलाबरावांचा इस्त्रीचा शर्ट.
"रोजच्यासारखे बसा," दिग्दर्शिका म्हणाली,
तेव्हा रोजचं सगळं बाहेर उन्हात पडलं होतं.

चेतना नकला करते.
उमरेड डेपोचा कंडक्टर, हवा धरलेला पंप,
घाटे मॅडमचा शिंकेच्या आधीचा श्वास.
हसवण्यासाठीच निवडली होती तिला.
पण हसण्याआधी, म्हणे, एक खड्डा लागतो,
त्यातून पोरगी वर येताना दिसली पाहिजे.
खड्डा खणायला आम्ही आलो होतो.

दुर्पताकाकी सातऱ्यावर होत्या.
चाळीस बाया ओळीनं, पदर नाकाला बांधलेला,
देठ तोडायचं, मिरची टोपल्यात, किलोमागं भाव.
तिथं कोणाचेच डोळे कोरडे नसतात.
कॅमेरा जवळ गेला. अजून जवळ.
काकींच्या गालावरून एक थेंब निघाला,
हात न थांबवता त्यांनी तो खांद्याला पुसला.
"परत घेऊ. पुसू नका म्हणावं."
मी म्हटलं, "काकी, पुसू नका म्हणते."
"काऊन?"
त्या एका शब्दाचं भाषांतर मी केलं नाही.

रविवारी रात्री लागलं.
तो थेंब केवढा वेळ उतरत राहिला,
खाली व्हायोलिन.
काकी बोलल्या तर पडद्यावर खाली अक्षरं आली,
मराठीची मराठी.
परीक्षक रडले, माझी बायको रडली,
आणि थेंब कशाचा हे ठाऊक असलेला मी,
मीही.

तिसऱ्या आठवड्यात चेतना परत आली.
एक साडी, एक ढाल, पुठ्ठ्याचा भलामोठा चेक.
कापून-कुपून जे हातात आलं त्यात
न्हाणीला फरशी बसली, नागपूरच्या कॉलेजची फी भरली.
हेही खरंच आहे, हे गाळता येत नाही.
इतवारीत एका दुकानदारानं ओळखलं तिला,
दहा टक्के सोडले, म्हणाला,
"तू ती गरिबाघरची न?"
नकलावाली नाही म्हणाला.

शिमग्याच्या आधी तिकडचं भाडं होतं, वळलो.
फ्रिज जागेवर, फुलं जागेवर.
चेतनानं उभं राहून दिग्दर्शिका केली,
"आई, डोळे जरा वर, विचार करा ना मुलीचा,"
गुलाबराव हसता हसता खोकले.
मग तिनं मला केलं.
"काकी, पुसू नका म्हणते."
हुबेहूब. म्हणण्याआधी गिळलेली थुंकीसुद्धा.
सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

काकी सुपात मिरच्या निवडत होत्या.
वर न पाहता म्हणाल्या,
"मिरचीचं त किलोमागं देते मालक.
डोळ्याचं पाणी नेलं त्याहीनं, ते कशात मोजते भाऊ?"
आणि थोड्या वेळानं,
"तुले गाडीचे किती भेटले?"

मी सांगितले. खरा आकडा.
काट्यापुढं हलवतात तशी त्यांनी मान हलवली,
आणि पुढची मिरची उचलली.