चौकडीचा

सेलूच्या बाजारात, मोबीनभाईच्या दुकानात
गादीच्या कडेला टेकले अन् म्हटलं, शर्ट दाखवा.
"मालकाचं माप काय हाय?"
"मालकाचं न्हाई. माझं."
घड्या करणारा पोऱ्या हसला.
मोबीनभाईंनी नुसती टेप गळ्यातून काढली.

वीस वर्षं साडीवर शर्ट घालूनच वेचणीला जाते मी,
विकत कधी घेतला नव्हता.
शर्ट माझ्याकडं यायचे
चारीच्या शेवटच्या रानाला पाणी येतं तसे,
उरलं तर.
एक दिराचा, पाठीवर पेट्रोल पंपाचं नाव.
एक ह्यांचा, खिशापाशी निळी शाई गळलेला.
एक भावाचा, इतका आवळ की हात वर केला
की काखेतली शिवण बोलायची.

पहिला निघाला टेरिकॉटचा, चकचकीत.
"आवळून बगा, चुरगाळतच न्हाई. इस्त्री नको."
इस्त्री आमच्यात कोण करतंय?
कापड तोंडाशी धरून फुंकर मारली,
पलीकडं तळहात धरला होता,
त्याला काही कळलं नाही.
जो फुंकर अडवतो तो घाम काय सोडणार.

पांढरा नको, काळ्या रानात रोजचा साबण.
काळा नको, दुपारी तवा होतो.
जांभळा चांगला होता. लई चांगला होता.
तो घडीत परत जाईपर्यंत बघितला.

मग हा चौकडीचा, मातकट अन् हिरवा,
धूळ बसली तर आणखी एक रेघ वाटावी असा.
सुती. फुंकर आरपार.

तिथंच साडीवर चढवला.
हात पुढं नेले, बोंडाला नेतात तसे.
वाकले. डावीकडं वळले.
डोक्यावर गाठोडं घेतात तसे दोन्ही हात वर.
शिवण गप्प.
बाही मनगटाखाली बोटभर,
वाळल्या बोंडाची नखं तिथंच ओरबाडतात.
कॉलर उभी करून मान झाकली.
दारातून कौशी ओरडली,
"आगं, शालू घ्यायलीस का काय?"

आपणच वेचलेला कापूस असेल का ह्यात,
असलं काही मनात आलं नाही.
मनात आलं, बटणं पक्की आहेत का.
चौथं ढिलं निघालं.
त्यावर वीस रुपये कमी करून घेतले.

अन् खिसा.
पदराच्या गाठीत पैसे बांधून निम्मा जन्म गेला,
सोडताना दात लागतात.
आता मजुरी छातीशी, फोन तिच्या शेजारी,
मुकादमाचा आला की बरगडीत गुरगुरतो.

पहाटेच्या गारठ्यात गळ्यापर्यंत बटणं,
दहाला दोन सोडायची,
बाराला बाह्या कोपरापर्यंत.
वेचणी नसली की दळणाला, गटाच्या बैठकीला,
एकदा पोरीच्या शाळेत पण तसाच.
पोर म्हणाली, आई, काढून यायचं ना.
बाई म्हणाल्या, कुठून घेतला?
पोर घरी येईपर्यंत बोलली नाही.
संध्याकाळी तिनंच धुतला.

मार्गशीर्षात ह्यांच्या मावसभावाचं लग्न निघालं, जिंतूरला.
खुंटीकडं बघत उभे राहिले.
"एक दिवस दे की."
आजवर शर्ट त्यांच्याकडून माझ्याकडं यायचा,
तो रस्ता उलटा चालताना बघून
मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.
दिला.
आधी खिसा रिकामा करून घेतला.
परत आला तेव्हा खिशात चार अक्षता, सुपारीचा चुरा,
अन् खांद्यांपाशी थोडा सैल झालेला.

दुसऱ्या दिवशी वेचताना
बोंडाच्या टोकाला बाही अडकली, धागा निघाला.
ओढला नाही.
वाकून दातानं तोडला
अन् पुढच्या झाडाला गेले.